एन्क्लोजर बदललं आणि ४ टीबीची डिस्क 'रिकामी' झाली

यूएसबी एन्क्लोजर (डिस्क ठेवायची बाहेरची पेटी) बंद पडलं, म्हणून आतली ४ टीबीची डिस्क काढून थेट कॉम्प्युटरच्या आतल्या साटा पोर्टला लावली. डिस्क दिसत होती, पण एकही पार्टिशन नव्हतं. अशा वेळी विंडोज 'इनिशिअलाइझ' करायचं का, म्हणजे नवं पार्टिशन टेबल लिहायचं का, विचारतं. तिथे ओके दाबलं की खेळ खलास; का ते पुढे येईलच.

लिनक्सवर ब्लॉकडेव्ह या कमांडला विचारलं, तर लॉजिकल सेक्टर (डिस्क सिस्टिमला दाखवते तो सर्वात लहान तुकडा) ५१२ बाइट. एन्क्लोजरमधून हाच आकडा ४०९६ येत असे. एमबीआर या जुन्या पार्टिशन टेबलमध्ये सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांचा. ५१२ च्या हिशेबाने तो साधारण २ टीबीला संपतो. विंडोज एक्सपीवर मोठ्या डिस्क चालाव्यात म्हणून एन्क्लोजरमधल्या काही ब्रिज चिप (यूएसबी आणि साटा जोडणाऱ्या) ८ सेक्टर मिळून एकच असल्याचं भासवतात. मी जीपीटी (ही मर्यादा नसलेलं नवं पार्टिशन टेबल) केलं होतं, तरी चिपची सवय सुटली नव्हती.

जीपीटीचा हेडर असतो सेक्टर १ वर. आता सिस्टिम तो ५१२ व्या बाइटवर शोधत होती. हेक्सडंप (डिस्कवरचे कच्चे बाइट) काढला: तिथे नुसती शून्यं, आणि हेडरची खूण असलेली 'ईएफआय पार्ट' ही अक्षरं बरोब्बर ४०९६ व्या बाइटवर. शेवटच्या सेक्टरमधली राखीव प्रतही याच कारणाने सापडत नव्हती. इनिशिअलाइझ केलं असतं तर नवं टेबल सुरुवातीच्या १७,४०८ बाइटांत बसलं असतं, म्हणजे जुन्याच्या उरावरच.

मग लोसेटअप या लिनक्स कमांडने पूर्ण डिस्कवर लूप डिव्हाइस (तीच डिस्क वेगळ्या सेक्टर आकाराने दाखवणारं आभासी डिव्हाइस) केलं: रीड-ओन्ली, सेक्टर-साइज ४०९६ आणि पार्टस्कॅन (पार्टिशन शोधणं). (सेक्टर-साइज हा पर्याय जुन्या लोसेटअपमध्ये नाही.) एनटीएफएस (विंडोजची फाइलसिस्टिम) पार्टिशन लगेच उगवलं, रीड-ओन्लीच माउंट करून सगळा डेटा दुसऱ्या डिस्कवर उतरवला.

पार्टिशनचे आकडे ८ ने गुणून नवं टेबल लिहिता येतं, आणि एक्स्ट४ (लिनक्सची फाइलसिस्टिम) असतं तर मी तेच केलं असतं; त्याचा सुपरब्लॉक (फाइलसिस्टिमची मूळ माहिती) १०२४ व्या बाइटवर असतो, सेक्टर कितीचाही असो. एनटीएफएस मात्र सेक्टरचा आकार स्वतःच्या बूट सेक्टरमध्ये, ११ व्या बाइटपासून, लिहून ठेवतं. ते आकडे हाताने बदलत बसण्यापेक्षा कॉपी परवडली.

एका गोष्टीने मात्र अर्धा तास खाल्ला. एफडिस्क (पार्टिशन दाखवणारी कमांड) लूप डिव्हाइसवरच्या पार्टिशनची सुरुवात २५६ सांगत होता आणि सिसएफएस (कर्नलची डिव्हाइसबद्दलची माहिती) २०४८. दोन्ही बरोबर: सिसएफएस डिव्हाइस कोणतंही असो, ५१२ च्याच मापाने मोजतं.