तुम्ही विचारलंत म्हणून: सुपरहिरो स्टेजवर गातो कशाला?

सुपरहिरोची गोष्ट आम्ही संगीत नाटकात बसवलीय म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "उडतो कसा?" आणि दुसरा जरा दबक्या आवाजात, "पण तो गातो कशाला?" मला आधी दुसऱ्याचं उत्तर द्यायचंय, कारण अख्खं नाटक त्याच्यावरच उभं आहे.

बघा ना, ज्याला आपली खरी ओळख आईलाही सांगता येत नाही, प्रेयसीलाही नाही, तो बोलणार कुणाशी? कॉमिकमध्ये त्याच्या डोक्यावर विचारांचा ढग काढतात, स्टेजवर तो ढग म्हणजे गाणं. बाकीचे अंधारात जातात, तो पुढे येतो आणि जे कुणालाच कळायला नको ते अख्ख्या थिएटरला कळतं. म्हणून मी मारामारीवर गाणं लिहीतच नाही, तिथे ऑर्केस्ट्रा पुरतो. गाणं येतं ते तो घरी येऊन मास्क काढतो तेव्हा.

मास्कवरून आठवलं, पहिल्या ड्रेस रिहर्सलला आमचा हिरो चक्क बेसूर व्हायला लागला, तालमीत सुराला एकदम पक्का मुलगा, कुणाला कळेना काय झालं. मास्कखाली कान झाकले गेले होते! त्याला कीबोर्ड नीट ऐकू येत नव्हता आणि स्वतःचाच आवाज डोक्यात घुमत होता. मग ड्रेसवाल्या ताईंनी कानाजवळचं कापड कापून त्याच रंगाची बारीक जाळी शिवली, पहिल्या रांगेतूनही दिसली नाही.

आता उडणं. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर, म्हणजे तिथल्या मोठ्या व्यावसायिक रंगभूमीवर, स्पायडरमॅनचं म्युझिकल आलं होतं, संगीत यू२ या रॉक बँडच्या बोनो आणि एज यांचं, खर्च साडेसात कोटी डॉलरच्या घरात. नोव्हेंबर २०१० मध्ये प्रिव्ह्यू, म्हणजे ओपनिंगआधीचे प्रेक्षकांसमोरचे प्रयोग, सुरू झाले, डिसेंबरमध्ये एक स्टंट कलाकार खाली पडून गंभीर जखमी झाला, मग दिग्दर्शिका बदलली, तीन आठवडे प्रयोग थांबवून गोष्ट नव्याने बांधली आणि ओपनिंग झालं थेट जून २०११ ला. दोर, मोटारी, पैसा सगळं हाताशी होतं, तरी गोष्टच पुन्हा लिहावी लागली, हे मला फार मोठं वाटतं.

आम्हीही दोन दिवस हार्नेस, म्हणजे दोराला लटकायचा पट्ट्यांचा साज, लावून पाहिला. तो मांड्यांना आणि कमरेला इतका आवळलेला असतो की पोटात श्वास भरायला जागाच उरत नाही, लांब ओळ मधेच तुटते. काढून टाकला. आता हिरो विंगेत निघून जातो, कोरसमधली बारा जणं एकाच ठेक्यावर मान वर करतात, त्यांच्या चेहऱ्यांवरून उजेड हळूहळू सरकत जातो आणि त्याचं गाणं तेच पुढे गातात. पहिल्या प्रयोगाला मी विंगेतून बघत होतो, प्रेक्षकांतल्या कितीतरी माना वर गेल्या होत्या.

असा उडतो.