पाटा टाकू का?

गेल्या महिन्यात घराचं काम काढलं. मंगळवार पेठेतलं जुनं घर, मागच्या मोरीची फरशी बदलायची एवढंच ठरलं होतं पण काम एवढ्यावर कधी थांबतंय, जिन्याखालची अडगळ काढता काढता आजीचा पाटा निघाला. टाकी लावून लावून मध्ये खोलगट झालेला, वर पेंटचे वाळलेले डबे. मिस्त्रीनं विचारलं, "मावशी, ह्यो दगूड टाकू का ट्रॉलीत?" आई आतनं ओरडतच आली, "लक्ष्मी हाय ती, टाकतोस काय!"

झालं. पाटा परत जिन्याखाली. घरात मिक्सर आल्यापासून त्यावर कुणी लसणाची पाकळीसुद्धा ठेचलेली नाही, पण टाकायचा म्हटलं की सगळ्यांचे हात आखडतात.

मला शीला गौडा आठवल्या. बंगळूरच्या आर्टिस्ट. कलानिकेतनला शिकलेल्या माझ्या एका मित्रानं मागे फोटो दाखवलेले, २०१२ चं कोची बिनाले, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारं कलेचं मोठं प्रदर्शन, तिथं त्यांनी आणि ख्रिस्टोफ स्टॉर्झ यांनी मिळून वाटण वाटायचे १७० च्या आसपास दगड मांडले होते, मिक्सर-ग्राइंडर आल्यावर लोकांनी घराबाहेर काढलेले. मी म्हटलं, यात कला काय रे भावा, आमच्यात पण आहे की एक जिन्याखाली. तो म्हणाला, दगड नंतर बघ, आधी जागा बघ. जागा म्हणजे ॲस्पिनवॉल हाऊस, फोर्ट कोचीत समुद्राला लागून असलेली जुन्या व्यापारी कंपनीची गोदामं, मिरी, आलं, हळद असला माल इथला. जिथनं मसाला जहाजात चढला तिथं मसाला वाटणारे दगड येऊन बसलेत, बिनकामाचे. हेच दगड एखाद्या मॉलच्या लॉबीत ठेवले असते तर नुसतं डेकोरेशन.

अशी वस्तू मांडून केलेली कामं, इन्स्टॉलेशन्स म्हणतात त्यांना, सगळीच मला पटतात असं अजिबात नाही हां, कितीतरी ठिकाणी वस्तू एवढीशी आणि भिंतीवर तिचा अर्थ सांगणारं इंग्रजी हातभर. पण या बाईंचं सामान बघा, शेण, कुंकू, सुया-दोरा, केस. 'बिहोल्ड' नावाचं २००९ चं काम आहे, माणसाच्या केसांची वळलेली ४ किलोमीटर दोरी आणि तिला लटकवलेले गाड्यांचे वीसेक बंपर. अशी केसांची दोरी तिकडं बंगळूरला ड्रायव्हर लोक दृष्ट लागू नये म्हणून बंपरला बांधतात, आपल्याकडं ट्रकला काळी बाहुली आणि लिंबू-मिरची असती तसंच. फक्त इथं उलटं केलंय, लोखंडाचा सगळा भार केसांवर! फोटो बघूनच माझी मान अवघडली.

बाकी आमच्या पाट्याचं म्हणाल तर परवा शेजारच्या काकू आल्या, नातवाचं बारसं आहे, पाळण्याखालनं गोविंद घ्या गोपाळ घ्या करायला वरवंटा पाहिजे, त्यांनी स्वतःचा कधीच टाकून दिलाय. आईनं धुवून पुसून दिला, आणि जाताना बजावलं, सोमवारी परत पाहिजे.