नारायण पेठेतली ट्रंक आणि सर्कॅशिया

रविवारी सकाळीच कोथरूडहून नारायण पेठेत गेले. आत्याआजीचा वाडा पुढच्या महिन्यात पाडायला घेणार, म्हणून माळा रिकामा करायला आम्ही सगळे जमलो होतो. पितळी घंगाळामागून एक काळी पत्र्याची ट्रंक निघाली. ती भंगाराच्या ढिगात जाणार, तेवढ्यात मी झाकण पुसलं. खाली कागदी लेबल, कोपरे झुरळांनी खाल्लेले. अँकर लाइन ही बोटकंपनी, मुंबई ते लिव्हरपूल. त्याखाली ठळक अक्षरांत ‘नॉट वाँटेड ऑन व्हॉयेज’.

“अगं, ती यांची विलायतेची ट्रंक,” आत्याआजी जिन्याखालूनच म्हणाली. “असं लिहिलेलं सामान बोटीच्या तळाशी टाकायचे. उतरेपर्यंत हाताला लागायचं नाही. मेतकुटाचा डबा नेमका तिच्यातच राहिला बघ.”

साल १९५४. आजोबा डेक्कन क्वीनने बोरीबंदरला गेले, तिथून बॅलार्ड पिअर. बोटीचं नाव सर्कॅशिया. एडनपर्यंत त्यांना बोट लागली होती, पाणीसुद्धा ठरत नव्हतं, हे आत्याआजी अजून कळवळून सांगते. पुढे सुएझचा कालवा, पोर्ट सैद, जिब्राल्टर. एकूण तीन आठवडे.

ही बोट १९३७ साली ग्लासगोला बांधलेली. महायुद्धात तिच्यावर तोफा चढल्या, नंतर किनाऱ्यावर फौजा उतरवायला ती वापरली गेली, आणि युद्ध संपल्यावर पुन्हा मुंबईच्या फेऱ्या सुरू झाल्या. विमानप्रवास वाढला तशी बोटीची गर्दी ओसरली. १९६६ मध्ये स्पेनमधल्या अलिकान्तेला सर्कॅशिया मोडीत निघाली. तिच्या बहिणींपैकी कॅलेडोनिया काही वर्षं अॅमस्टरडॅमला विद्यार्थ्यांचं वसतिगृह झाली होती. इतक्या विद्यार्थ्यांना विलायतेला पोचवणाऱ्या बोटीला असा शेवटचा मुक्काम मिळाला, याचा मला फार आनंद वाटतो.

दुपारी लकडी पूल ओलांडून फर्ग्युसन कॉलेजात गेले. सावरकर राहिले ती वसतिगृहातली खोली जपलेली आहे. दार बंद होतं, तरी ओसरीत थांबले. इथून बाहेर पडलेला तो तरुण १९०६ च्या जूनमध्ये पर्शिया बोटीने निघाला. चार वर्षांनी त्यांना कैदी म्हणून परत आणलं जात होतं ते मोरियावरून. ८ जुलै १९१० ला मार्सेय बंदरात त्यांनी त्याच बोटीच्या खिडकीतून उडी घेतली. ती उडी आपण शाळेपासून ऐकतो, बोटींचं पुढे काय झालं ते कुणी सांगत नाही. मोरिया १९३० मध्ये जपानला मोडली. पर्शियाचा शेवट भयंकर होता. ३० डिसेंबर १९१५ ला, मुंबईकडे येत असतानाच, क्रीटजवळ जर्मन पाणबुडीने तिला टॉर्पेडो मारला. काही मिनिटांत बोट बुडाली, ५१९ पैकी ३४३ माणसं गेली. या बोटी पी अँड ओ या ब्रिटिश कंपनीच्या; तिच्या बोटींवर रत्नागिरीकडचे खलाशी पिढ्यान् पिढ्या राबले. सारंग, टंडेल हे खलाशांच्या मुकादमांसाठीचे शब्द त्या डेकवरही रोजचे होते. बुडालेल्या बोटींवरच्या बड्या उतारूंची नावं लिहिली जातात. खलाशांची नावंही तितक्याच आस्थेने लिहायला हवी होती.

तशीच राजपुताना बोट. १९३१ च्या जानेवारीत येरवड्यातून सुटलेले गांधीजी ऑगस्टमध्ये तिच्यावरून गोलमेज परिषदेला गेले. १९४१ च्या एप्रिलमध्ये आइसलँडजवळच्या समुद्रात तीही पाणबुडीने बुडवली.

संध्याकाळी वाड्यावर परतले तेव्हा भंगारवाला ट्रंकेचं वजन करायला काटा लावत होता. मी ती उचलून बाजूला घेतली. आत डांबराच्या गोळ्यांचा वास, खाली एक जुनं वर्तमानपत्र आणि कोपऱ्यात मेतकुटाचा तो डबा, झाकण गंजून पक्कं बसलेला. आत्याआजीने तो दोन्ही हातांत घेऊन कानाशी हलवून पाहिला. “हा मात्र इथेच राहू दे,” म्हणाली.