कुलमुखत्यारपत्र, बँक आणि ‘साहेबांचा व्हिडिओ कॉल’ : माझा अनुभव

माझे यजमान तोफखान्यात हवालदार आहेत. त्यांची रेजिमेंट फील्डला, म्हणजे कुटुंब सोबत नेता येत नाही अशा भागात, जाणार असल्याचे कळले, तेव्हा नाशिक रोडला आम्ही सदनिका नोंदवलेली होती, दोघांच्या नावाने गृहकर्ज मंजूर झाले होते आणि बिल्डरकडून करारनाम्याच्या नोंदणीची तारीख तेवढी यायची होती. ती तारीख यजमान निघून गेल्यावरच येणार, हे उघड दिसत होते. म्हणून त्यांच्या वतीने सह्या करण्याचा अधिकार मला देणारे कुलमुखत्यारपत्र हवे होते. बाकीची तयारी रजेच्या पहिल्या काही दिवसांतच आटोपली. मुलांच्या शाळेत माझा मोबाइल क्रमांक दिला, देवळालीच्या लष्करी रुग्णालयासाठी लागणारी आमची कार्डे आणि कॅन्टीनचे कार्ड तपासून घेतले. पगाराच्या खात्यावर माझे नाव आधीपासून होतेच. या एका कागदाने मात्र आम्हाला मेटाकुटीला आणले. बँकेच्या त्या शाखेसमोरून रिक्षा गेली, तरी अजून माझे डोके तापते.

कर्ज विभागातील कर्मचाऱ्याने आम्हाला तोंडी सांगितले होते, की नोटरी केलेले मुखत्यारपत्र पुरेल. त्याप्रमाणे आम्ही ते केले. मग फाइल बँकेच्या वकिलांकडे गेली आणि तिथून शेरा आला, की मुखत्यारपत्र नोंदणीकृत हवे, बँकेच्या नमुन्यातच हवे, आणि त्यात सदनिकेचा क्रमांक, चतुःसीमा व कर्जाची रक्कम यांचा स्पष्ट उल्लेख हवा. वकिलांचे म्हणणे चूक नव्हते. नोंदणी अधिनियम १९०८ च्या कलम ३३ प्रमाणे, भारतात राहणाऱ्या व्यक्तीच्या वतीने दुसऱ्या कोणी दस्त नोंदणीसाठी सादर करायचा असेल, तर त्यासाठीचे मुखत्यारपत्र ती व्यक्ती जिथे राहते तिथल्या निबंधकासमोर किंवा दुय्यम निबंधकासमोर करून प्रमाणित करून घ्यावे लागते. नोटरीचा शिक्का त्या कामाला चालत नाही. संताप आला तो याचा, की रोज गृहकर्जाच्या फाइली हाताळणाऱ्या माणसाला हे ठाऊक नसावे आणि त्याची भरपाई सैनिकाच्या मोजक्या रजेतून व्हावी. माझे सांगणे एवढेच, की बँकेकडून मुखत्यारपत्राचा नमुना आधी मागून घ्यावा, आणि तोही ईमेलवर, म्हणजे नंतर ‘आम्ही असे म्हटलेच नव्हते’ हे ऐकावे लागत नाही.

दुय्यम निबंधक कार्यालयात आम्ही गेलो त्या दिवशी सर्व्हर कधी चालू, कधी बंद, असा खेळ दुपारपर्यंत सुरू होता. आमचा क्रमांक आला, तेव्हा यजमानांचा अंगठा यंत्राला ओळखता येईना. गनवर वर्षानुवर्षे काम केलेल्या हाताच्या रेषा झिजलेल्या असतात. ते रुमालाने अंगठा पुसत होते, काच पुसत होते, पुन्हा अंगठा टेकवत होते, आणि आधारची पडताळणी प्रत्येक वेळी फेटाळली जात होती. आधारवरून ओळख पटली नाही, तर पक्षकाराला ओळखणाऱ्या दोन व्यक्ती त्यांच्या ओळखपत्रांसह प्रत्यक्ष हजर कराव्या लागतात. यजमानांना ओळखणारी बहुतेक माणसे त्या वेळी कॅम्पमध्ये सामान बांधण्यात गुंतलेली होती. शेवटी आमच्या गल्लीतले किराणा दुकानदार काका दुकान मुलावर सोपवून आले आणि शेजारच्या निवृत्त शिक्षकांना सोबत घेऊन आले. तेव्हा ज्यांच्या हाताच्या रेषा झिजल्या आहेत, त्यांनी अशा दोन माणसांना सकाळपासूनच सांगून ठेवावे. लष्करी ओळखपत्राची छायाप्रत कुठेही द्यायची नसते, म्हणून आधार आणि पॅन यांच्या प्रती जास्तीच्या ठेवाव्यात. खिडकीवर कोणी लष्करी ओळखपत्राची प्रत मागितलीच, तर सरळ नकार द्यावा.

यजमान गेले. नेमके कुठे, हे लिहिणे योग्य नाही. पत्ता ‘मार्फत ५६ एपीओ’ (एपीओ म्हणजे लष्करी टपाल कार्यालय) एवढाच आहे आणि फोन त्यांच्या सोयीने येतो, आपल्या नव्हे. थोड्याच दिवसांत बिल्डरने करारनाम्याची तारीख दिली आणि तिथे जे मला आधी कोणीच सांगितले नव्हते ते समोर आले. मुखत्यारपत्राच्या आधारे दस्त नोंदवताना मुखत्यारधारकाला एका घोषणापत्रावर सही करावी लागते. मुखत्यारपत्र रद्द केलेले नाही, ते लिहून देणारी व्यक्ती मयत झालेली नाही, आणि हे कथन खोटे आढळल्यास नोंदणी अधिनियमाच्या कलम ८२ अन्वये मी शिक्षेस पात्र राहीन, असा त्याचा मजकूर असतो. ही शिक्षा सात वर्षांपर्यंतची असू शकते. हा छापील मजकूर सगळ्यांनाच सारखा असतो आणि त्यामागचे कारण मला पटते. पण आठवडाभर फोन न आलेल्या बाईने आपला नवरा मयत झालेला नाही असे लिहून द्यायचे, तेही मागे रांग खोळंबलेली असताना आणि कारकून ‘मॅडम, इथे आणि इथे’ म्हणत पेनाचे टोक कागदावर आपटत असताना, याला काय म्हणावे ते मला अजून सुचलेले नाही. मी सही केली आणि दस्त नोंदला गेला. ज्यांच्यावर ही वेळ येणार आहे, त्यांनी ते घोषणापत्र घरी शांतपणे एकदा वाचून जावे.

एवढे झाल्यावर कर्जाचा पहिला हप्ता बिल्डरला वर्ग होईल, अशी माझी समजूत होती. बँकेतील नव्या अधिकाऱ्याने फाइल चाळली आणि सांगितले, ‘मॅडम, साहेबांना दोन मिनिटांचा व्हिडिओ कॉल करायला सांगा, आमच्या पडताळणीसाठी.’ जिथे साधा आवाज तुटत तुटत पोहोचतो, तिथून व्हिडिओ कॉल कसा येणार, हे मी त्यांना समजावले. त्यांनी सहानुभूतीने मान हलवली आणि पुन्हा तीच मागणी केली. नोंदणीकृत मुखत्यारपत्र समोर होते, घोषणापत्र समोर होते, पगार दरमहा त्याच बँकेत जमा होत होता. तरीही व्हिडिओ कॉलचा रकाना भरल्याशिवाय त्यांचे संगणकच पुढे सरकत नव्हते. मध्ये बिल्डरच्या कार्यालयातून विलंबाच्या व्याजाची आठवण करून देणारे फोन येत राहिले. मी शाखा व्यवस्थापकांना भेटले, लेखी अर्ज दिला आणि त्याची पोच घेतली. लेखी अर्जाने मात्र गाडी हलली, कारण आता लेखी उत्तर देणे त्यांना भाग होते. उत्तरात त्यांनी मान्य केले, की संबंधित सैनिक सेवेत हजर असल्याचे युनिटचे प्रमाणपत्र चालेल. हेच पहिल्या दिवशी सांगितले असते, तर एवढा वेळ गेलाच नसता.

ते प्रमाणपत्र रिअर पार्टीमुळे मिळाले. युनिट पुढे गेले, तरी काही माणसे मागे ठेवलेली असतात आणि कुटुंबांची अडलेली कामे तीच पाहतात. त्यांनी माझा अर्ज पुढे कळवला आणि कमांडिंग ऑफिसरांच्या सहीचे पत्र रजेवर येणाऱ्या एका जवानासोबत नाशिकला पोहोचले. यजमान निघण्यापूर्वी रिअर पार्टीच्या सुभेदारसाहेबांचा क्रमांक घ्यावा आणि त्यांना एकदा प्रत्यक्ष भेटून यावे, हे या लेखात सर्वांत आधी यायला हवे होते.

आणखी एक गोष्ट, जी आमच्या घरात सासूबाईंना ऐकायलाही नको होती. मुखत्यारपत्र लिहून देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर संपते. ज्या प्रसंगाची भीती वाटते, त्याच प्रसंगी हा कागद निरुपयोगी ठरतो, म्हणून मृत्युपत्र वेगळे करावे लागते. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. दोन साक्षीदारांसमक्ष सही पुरते. मोहिमेवर किंवा प्रत्यक्ष युद्धात असलेल्या सैनिकाला भारतीय उत्तराधिकार अधिनियम १९२५ ने तोंडी मृत्युपत्राचीही सवलत दिली आहे, पण ती हिंदू, बौद्ध, शीख, जैन आणि मुस्लीम सैनिकांना लागू होत नाही; शिवाय घरी बसून लिहिता येत असताना तिच्यावर कशाला विसंबायचे? त्याच बैठकीत आर्मी ग्रुप इन्शुरन्सचे नामनिर्देशन पाहून घ्यावे आणि धाकट्या अपत्याच्या जन्माची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे सैनिकाच्या सेवा-नोंदीत कौटुंबिक बदल चढवणारा युनिटचा आदेश, निघाली आहे की नाही, हेही विचारावे. तिथे आणि आधारवर नावाचे स्पेलिंग एकसारखे असावे.

ओटीपीचे राहिले. गॅस, वीजबिल, वाहनविमा, शाळेची फी असे जे जे यजमानांच्या मोबाइलशी जोडलेले असेल, ते त्यांच्यासमोर बसून आपल्या क्रमांकावर घ्यावे. आमचे गॅसचे राहून गेले होते. वितरकाकडे जाऊन ते बदलता आले, एवढेच. मुखत्यारपत्राची मूळ प्रत बँकेने ठेवून घ्यायची म्हटली, तर देऊ नये; दुय्यम निबंधकांकडून प्रमाणित प्रती काढून त्या द्याव्यात, कारण ताबा घेताना बिल्डरही मूळ प्रत पाहायला मागतो.