सुनावणीविना दंड

आज पगारवाढीची यादी लागली. बाळंतपणाची रजा संपवून परतलेल्या माझ्या मैत्रिणीचं नाव अगदी तळाला. कारण विचारलं, तर "यंदा ती अर्धं वर्ष नव्हतीच ना." ती गप्प राहिली. मला मात्र दिवसभर काम सुचलं नाही.

अर्थशास्त्रज्ञ याला 'मातृत्वाचा दंड' म्हणतात. स्त्री-पुरुषांच्या कमाईतली दरी पहिल्या मुलानंतर किती रुंदावते, हे दाखवणाऱ्या क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चं नोबेल मिळालं. डेन्मार्कमध्येसुद्धा आईची कमाई दीर्घकाळ सुमारे २० टक्क्यांनी मागे राहते. बापाची नाही.

दंड! गुन्हा कोणता? फाशीच्या खटल्यातही आरोपीला वकील, अपील, दयेचा अर्ज असतो. (त्या शिक्षेला माझा विरोधच आहे, चूक झाली तर ती परत घेता येत नाही.) इटालियन विचारवंत बेकारिया यांनी १७६४ मध्येच लिहिलं होतं, की जरब शिक्षेच्या क्रौर्याची नसते, ती चुकणार नाही या खात्रीची असते. आईचा दंड असाच, न चुकणारा.

संध्याकाळी दोघींनी बसून फेरविचाराचा अर्ज लिहिला. खाली माझीही सही आहे. उद्या सकाळी देणार आहोत.