वरच्या थरातले तापमान

खत कारखान्याच्या अमोनिया विभागात मी शिफ्ट अभियंता असतानाची ही एका रात्रपाळीची हकिकत आहे. नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन मिळवताना तयार होणारा बहुतेक कार्बन डायऑक्साइड आमच्याकडे पोटॅशियम कार्बोनेटच्या गरम द्रावणात शोषला जात असे. त्यातून निसटलेला सुमारे 0.1 टक्का आणि 0.3 टक्के कार्बन मोनॉक्साइड यांचे रूपांतर मेथॅनेटरमध्ये, निकेलच्या उत्प्रेरकावर, मिथेन आणि पाण्याच्या वाफेत होई. कारण हे वायू तसेच पुढे गेले, तर अमोनिया बनवणाऱ्या लोहाच्या उत्प्रेरकाची क्रियाशीलता मारतात. नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन काढणाऱ्या रिफॉर्मरमध्ये 800 अंशांच्या आसपास निकेलच मिथेन फोडते आणि इथे 300 अंशांना तेच निकेल तो जोडते, याचे मला आजही अप्रूप वाटते. फोडताना जी उष्णता पुरवावी लागते, ती जोडताना बाहेर पडते, आणि त्या रात्री प्रश्न नेमका तिचाच होता.

पहाटे तीनच्या सुमारास ॲब्सॉर्बरमध्ये, म्हणजे कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या मनोऱ्यात, द्रावण फेसाळू लागले. फेस मारणारे औषध सोडायला माणूस धावला, तेवढ्यात पॅनेलवरचा सहकारी म्हणाला, "साहेब, मेथॅनेटरच्या वरच्या थरात चढतंय."

आत येणारा वायू 300 अंशांवर स्थिर होता आणि एरवी बेडमध्ये, म्हणजे उत्प्रेरकाच्या थरांत, तापमान 328 च्या आसपास राहत असे. आता वरचा थर्मोकपल 345 दाखवत होता, मग 360. ॲनलायझर मात्र अजून जुनाच आकडा देत होता, कारण नमुन्याचा वायू लांबच्या नळीतून तिथवर पोहोचायला वेळ लागतो. कार्बन डायऑक्साइड एक टक्क्याने वाढला, की तापमान साधारण 60 अंशांनी वाढते, हा हिशेब आम्हा सर्वांना पाठ होता. कार्बन मोनॉक्साइड वाढण्याचे काही कारण दिसत नव्हते. काटा 390 वर गेला, तेव्हा आणखी एक टक्का कार्बन डायऑक्साइड निसटतो आहे, हे ॲनलायझरने सांगण्याआधीच आम्हाला कळले होते.

वायू आपोआप बंद करणारा ट्रिप 420 ला होता. द्रावण सावरेल या आशेवर थांबणे शक्य होते, परंतु मला उत्प्रेरकापेक्षा पोलादी पात्राची धास्ती अधिक होती. निकेलच्या गोळ्या काही काळ जास्त उष्णता सोसतात, दाबाखालचे पात्र त्याच्या ठरलेल्या मर्यादेपुढे न्यायचे नसते. मी फीड तोडायला सांगितले. मेथॅनेटरकडे जाणारा वायू बंद झाला, अलीकडचा व्हेंट उघडला आणि त्याच्या गर्जनेने सारा परिसर दणाणून गेला. पुढचा अमोनिया विभागही अर्थातच थांबला. वरचा थर 411 पर्यंत जाऊन हळूहळू उतरू लागला.

खरी घाई त्यानंतर होती आणि नवख्यांना ती सहसा समजत नाही. बेड 200 अंशांखाली उतरला आणि आत कार्बन मोनॉक्साइड राहिला, तर निकेलशी त्याचा संयोग होऊन निकेल कार्बोनिल हा अतिविषारी पदार्थ तयार होऊ शकतो. म्हणून दाब उतरवून, बेड पुरेसा गरम असतानाच, आम्ही नायट्रोजन फिरवला आणि तो पूर्ण होईपर्यंत मेथॅनेटरजवळ कोणालाही फिरकू दिले नाही.

सकाळी फेस ओसरला. दुपारच्या पाळीने वायू पुन्हा आत घेतला, तेव्हा मी घरी न जाता पॅनेलजवळच उभा होतो. बेडमधले तापमान 328 वर स्थिरावले आणि बाहेर पडणाऱ्या वायूत दोन्ही कार्बन ऑक्साइड मिळून दहा पीपीएमच्या आत होते.