खाडी आली की गाडी बंद

गुरुवार, दिवेआगर

सकाळी सहाला पुणं सोडलं. ताम्हिणी उतरताना थंडी अशी, की हातमोज्यांतही बोटं आखडली. माणगाव, म्हसळा करत दुपारी जेवायला दिवेआगरात पोचलो.

मी आणि माझी मैत्रीण, दोघी दोन मोटारसायकलींवर. माझी साडेतीनशे सीसीची, तिची दोनशेवीसची, सीट बुटकी असलेली. दोन गाड्या न्यायच्या हे तिनंच ठरवलं. "एक चालवणार आणि दुसरी मागे बसणार, तर ती सहल एकीचीच होते," म्हणाली. पटलं मला. पण दोन गाड्या म्हणजे दिवसभर बोलणं नाही. आरशात तिचा दिवा दिसतो तेवढंच. तीन वर्षांनी दोघी एकत्र बाहेर पडलोय आणि आज पाच-सहा तासांत "थांबायचं का?" आणि "पेट्रोल बघ" यापलीकडे एक शब्द झाला नाही. खरं सांगायचं तर मला त्यात सुटल्यासारखंही वाटत होतं.

ज्यांच्याकडे उतरलोय त्या काकूंनी संध्याकाळी वाडी दाखवली. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात त्यांचे माड तर गेलेच, पण पोफळी काडीसारख्या मधोमध मोडल्या. नंतर लावलेली रोपं आता कमरेच्या वर आलीत. काकू एकेका रोपाला हात लावून सांगत होत्या, हे आम्ही लावलं, हे मुलानं. पोफळ धरायला वर्षं जातात, तोवर वाट बघायची. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, नुसता हिशेब होता.

शुक्रवार, मुरूड (दापोलीचं)

श्रीवर्धन, हरिहरेश्वर, मग बागमांडला. तिथे रस्ता सरळ पाण्यात जातो. समोर सावित्रीची खाडी, पलीकडे वेश्वी. फेरीबोट (इकडे तिला जंगलजेट्टी म्हणतात) पलीकडच्या काठाला होती. गाड्या बंद केल्या, हेल्मेटं काढली आणि जेट्टीच्या कठड्यावर बसलो. प्रवासातलं आमचं पहिलं बोलणं तिथे झालं. तिच्या शाळेतल्या पोरांबद्दल, माझ्या गुडघ्याबद्दल. वरवरचंच, पण झालं.

बोटीवर मोटारसायकल चढवणं शिकावं लागतं. जेट्टी म्हणजे सिमेंटचा उतार. भरतीला बोट वर लागते, कोरड्यावरून आत जाता येतं. सुकतीला ती खाली लागते आणि मधला पट्टा ओला, शेवाळलेला असतो. तिथे पुढचा ब्रेक दाबला की चाक सरलंच. पहिला गिअर, क्लच अर्धा, पाय जमिनीपासून बोटभर वर, नजर बोटीच्या दारावर. आत गेल्यावर गाडी गिअरमध्येच ठेवायची. मी पुढे गेले, ती माझ्या मागोमाग. बोटीवरच्या माणसानं नुसती मान हलवली, पण बरं वाटलं.

वेश्वीपासून केळशी, आंजर्ल्याचा रस्ता मी आयुष्यात विसरणार नाही. जांभ्याचे गडगे, वळणावळणाला आंब्याचा मोहोर, आणि हेल्मेटची काच वर केली की तो वास थेट नाकात. हर्णैच्या बंदरावर थांबलो. होड्या खोल पाण्यात उभ्या, किनाऱ्यापर्यंत मासे बैलगाडीतून येत होते. लिलाव ऐन भरात होता. बायका टोपल्यांभोवती कोंडाळं करून भाव पाडत होत्या. आम्ही अर्धा तास नुसत्या बघत राहिलो.

मुरूडला मुक्काम तिच्यासाठी. तिची आई हिंगण्याच्या वसतिगृहात राहून शिकली, पुढे जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण झाली. अण्णासाहेब कर्व्यांचं गाव एकदा बघायचं, असं त्या नेहमी म्हणायच्या. बघणं झालं नाही.

दुर्गादेवीच्या देवळात कोरीव लाकडी खांबांपाशी ती बराच वेळ बसली. मग गावातल्या रस्त्यानं आम्ही चालत निघालो, दोन्ही बाजूंना वाड्या आणि पाटाच्या पाण्याचा आवाज. याच गावातून कर्वे सहावीच्या परीक्षेसाठी साताऱ्यापर्यंत पायी गेले, आणि वय कमी दिसतं म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिलं नाही. १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाईंशी, एका विधवेशी, लग्न केलं तेव्हा याच मुरूडनं त्यांना वाळीत टाकलं. सख्ख्या आईच्या घरी जायची चोरी झाली. तरी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम निघाला, पुढे तो हिंगण्याला गेला, १९१६ मध्ये बायकांचं विद्यापीठ उभं राहिलं. त्या हिंगण्यात माझ्या मैत्रिणीची आई ट्रंक घेऊन एकटी गेली होती, वयाच्या अकराव्या वर्षी.

"ट्रंकेवर तिनं खडूनं स्वतःचं नाव लिहिलं होतं. पुसलं जायचं म्हणून रोज लिहायची," ती म्हणाली. आईचं नाव तिच्या तोंडून आलं आणि मी पुढे काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं. रात्रभर झोप नाही.

शनिवार, जयगड

आज सगळं लिहायचं आहे, कितीही उशीर झाला तरी.

दाभोळहून धोपावे. ही फेरी २००३ पासून चालू आहे. नसती तर वाशिष्ठीला वळसा घालून चिपळूणवरून यावं लागलं असतं. गुहागर, पालशेत, वेळणेश्वर झालं. हेदवीला दशभुज गणपतीचं दर्शन घेऊन निघालो आणि पुढच्या चढावर माझा क्लच एकाएकी ढिला पडला. केबल तुटली. लिव्हरपाशी केबलच्या टोकाला धातूचं बोंड असतं, त्याच्या मुळाशीच तारेचे पदर एकेक करून तुटत आले असणार. दोन दिवस घाटात आणि जेट्ट्यांवर अर्धा क्लच धरून चालवलेलं.

पण निघायच्या आदल्या दिवशी तिनं आमच्या दोन्ही गाड्यांना जुन्या केबलशेजारीच एकेक नवी केबल चिकटपट्टीनं बांधून ठेवली होती. तिनं बॅगेतून पाने काढले, हातमोजे सीटवर ठेवले आणि खाली बसली. लिव्हरचा नट सैल केला, नवं बोंड खाचेत बसवलं, खालचं टोक इंजिनाच्या आकड्यात अडकवलं, मग ताण बघत बघत नट आवळला. वीस मिनिटं. मनगटापर्यंत काळं ग्रीस.

मोळी घेऊन चाललेली एक म्हातारी थांबली. "संगती पुरुषमाणूस कोण नाय?" नाही म्हटल्यावर तिनं मोळी उतरवली आणि आमच्यासोबत सावलीत बसली. एक शब्द बोलली नाही. गाडी चालू झाली, मी थोडं पुढे नेऊन परत आणली, तेव्हाच ती उठली. मोळी तिच्या डोक्यावर चढवायला आम्ही दोघींनी हात लावला. किती जड होती ती!

तवसाळला पोचलो तर बोट नुकतीच सुटलेली. खालच्या टपरीत चहा घेतला. टपरीवाल्या वहिनी सांगत होत्या, रात्री बोट नसते, तेव्हा बाळंतीण असो की साप चावलेला, लांबून फिरून न्यावं लागतं. सागरी महामार्गाचे खाड्यांवरचे पूल कधी होतात याकडे त्यांचे डोळे लागलेत. व्हायलाच हवेत ते पूल. तिथे बसून दुसरं काही मनात येणं शक्य नव्हतं.

वहिनी आत गेल्या आणि पाण्याकडे बघत ती म्हणाली, "आईच्या वेळी तू आली नाहीस."

मी म्हटलं, "नाही आले."

"त्याच शहरात होतीस."

तीन वर्षं मी कारणं जुळवून ठेवली होती. ऑफिसचं, मुलाच्या परीक्षेचं. तिथे एकही काढावंसं वाटलं नाही. मी सांगितलं, की बाबा त्याच हॉस्पिटलात गेले होते, वर्षही उलटलं नव्हतं. मी रिक्षानं दारापर्यंत आले होते. रिक्षा थांबली आणि मला उतरता येईना. तशीच परत गेले. आणि नंतर, उतरले नाही हे तुला कोणत्या तोंडानं सांगू, म्हणून फोनही केला नाही.

"दारापर्यंत आली होतीस?"

"हो."

"हे तरी सांगायचंस गं."

मी रडले. तिनं माझा हात धरला, तिच्या हाताचं ग्रीस माझ्याही हाताला लागलं. बोट आली तरी आम्ही बसूनच होतो, शेवटी वहिनींनी हाक मारली. सुकती होती, उतारावर शेवाळ. ती पुढे गेली, आत जाऊन गाडी लावली आणि दाराशी येऊन उभी राहिली, मी चढेपर्यंत. शास्त्रीच्या खाडीवर ऊन तिरपं पडलं होतं. बोटीवर ती आईबद्दल बोलत राहिली, शेवटच्या आठवड्याबद्दल, त्या काय खायला मागायच्या त्याबद्दल. मी ऐकलं. तीन वर्षांपूर्वी ऐकायला हवं होतं ते सगळं.

आता ती पलीकडच्या खाटेवर झोपली आहे. उद्या मालगुंड, गणपतीपुळे, आरे-वारेवरून रत्नागिरी. त्या वाटेवर सगळीकडे पूल आहेत, फेरी कुठेच नाही. आरे-वारेला गाड्या बंद करून तासभर बसायचं, असं तिनं दिवा मालवायच्या आधी सांगून ठेवलंय.